मेव्हण्याला दिसत नाही

नानांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीवर गिऱ्हाईक बसायचं आणि दुसरीखाली मेव्हणा झोपायचा. मेव्हणा म्हणजे कुत्रा. नानांची बायको एकदा माहेराहून परतली ती पिशवीत कपड्यांबरोबर हे पिल्लू घेऊन. तेव्हा नाना म्हणाले होते, “तुझ्या माहेरचं माणूस, म्हणजे माझा मेव्हणाच की.” बायकोने आठवडाभर अबोला धरला आणि मग तीही त्याच नावाने हाका मारू लागली. गल्ली तिला काकू म्हणे. “माझा सख्खा भाऊ हाकेला येत नाही, हा येतो,” असं काकू गिऱ्हाइकांना ऐकवत. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी नवऱ्याचा वस्तरा असल्यामुळे कुणी वाद घालत नसे.

पुढे सलून, मागे स्वयंपाकघर, त्यामागे झोपायची खोली, एवढाच पसारा. लेकीला बाळ झालं तेव्हा काकू तिच्याकडे राहायला गेल्या. टॅक्सीत बसता बसता त्यांच्या सूचना चालूच होत्या. गॅस बंद करा, दूध उतू जाऊ देऊ नका, आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: “मेव्हण्याच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी धरतंय. डॉक्टरला दाखवा. उद्याच दाखवा.”

“उद्याच,” नाना म्हणाले.

नानांचा उद्या हा ऐसपैस प्रकार होता. सलूनमध्ये गर्दी असली की गर्दीमुळे जाता येत नसे, आणि गर्दी नसली की ती होईल म्हणून जाता येत नसे. फोनवर काकू विचारत, “नेलंत का?” नाना म्हणत, “हो हो, बघतोय.” मग एका सकाळी मेव्हणा ज्या खुर्चीखाली जन्मभर झोपला त्याच खुर्चीच्या पायावर दाणकन आपटला. मागे सरकला, नाक पुढे करून पाय हुंगला आणि एखाद्या भल्या गृहस्थाला आपला धक्का लागावा तसा ओशाळवाणा चेहरा करून उभा राहिला.

त्या दिवशी नानांनी गर्दीचा विचार केला नाही. सलून बंद करून ते मेव्हण्याला उचलूनच जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरीण तरुण होती. तिने दिवा मारून दोन्ही डोळे पाहिले आणि दिवा बंद केला.

“दोन्ही गेले,” ती म्हणाली.

“आधी आणलं असतं तर?”

“आधी आणलं असतं तर आधी बघता आलं असतं. वाचले असते का, ते आता मला सांगता येणार नाही.”

ती ओरडली असती तर नानांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही, उलट समजुतीच्या सुरात शिकवू लागली. घरातली एकही वस्तू हलवायची नाही, तो सगळं घर पाठ करतो. हात लावण्याआधी बोलायचं, नाहीतर दचकून चावेल. जिथे त्याने थांबायला हवं तिथे पायांना खरखरीत लागेल असं काहीतरी पसरायचं. “आणि एक आवाज ठरवा. तो आवाज झाला की त्याने तुमच्याकडे यायचं आणि त्याला खाऊ मिळायचा. शिट्टी, घंटा, काहीही चालेल. पण तो आवाज दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही.”

नानांनी मान डोलावली. पण शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यापर्यंत पोचलंच नाही. पुरतं टक्कल पडलेलं गिऱ्हाईक तेलाविषयीचा सल्ला ऐकतं, तसं ते ऐकत होते. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: बायकोला सांगायचं कसं?

रात्रीचा व्हिडिओ कॉल हे एक नवंच संकट होऊन बसलं. काकू बाळ दाखवत आणि बदल्यात मेव्हणा मागत. नाना फोन धरत आणि पडद्यावर मेव्हण्याची पाठ येई.

“अहो, हा नेहमी पाठमोराच कसा?”

“रुसलाय तुझ्यावर.”

“मग तोंड फिरवा की त्याचं.”

“रुसलेल्याचं तोंड फिरवायला गेलो तर माझ्यावरही रुसेल.”

काकू तिकडून हसत आणि नाना इकडे कपाळ पुसत. फोन ठेवल्यावर त्यांना झोप लागत नसे. बारा वर्षांचा कुत्रा, एक साधी गोष्ट सांगितली होती तिने, एकच. ती आल्यावर मेव्हणा नेहमीसारखा धावत जाणार नाही, आणि मग ती आपल्याकडे बघेल. ते बघणं नानांना अंथरुणात पडल्या पडल्या दिसे.

तेव्हा त्यांनी बेत ठरवला. काकू येईपर्यंत मेव्हण्याला असा तयार करायचा की त्याचं काही अडत नाही हे तिला आधी दिसलं पाहिजे. दिसत नाही हे नंतर सांगायचं.

बेत शेजारच्या चष्मेवाल्याला आवडला नाही. त्याचं दुकान सलूनला लागूनच, पाटीवर दोन भलेमोठे डोळे रंगवलेले. केसांच्या बाबतीत तो फार हळवा होता आणि तीन केस वाढले तरी खुर्चीत येऊन बसे.

“सांगून टाका काकूंना,” तो म्हणाला.

“सांगणारच आहे. आल्यावर.”

“मी रोज लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. याला एकदा बसवू का?”

“दिसत होतं तेव्हाही त्याला वाचता येत नव्हतं.”

“पण नाना, तुम्ही सांगायच्या आत त्यांनीच ओळखलं तर?”

नाना तेव्हा कात्री घेऊन त्याच्या कानाजवळ होते. चष्मेवाल्याने प्रश्न पुन्हा विचारला नाही.

शिकवणी सुरू झाली. रस्त्याकडच्या उंबऱ्याच्या आत नानांनी काथ्याचं जाड पायपुसणं पसरलं. मेव्हण्याचे पाय त्यावर पडले की म्हणायचं, “थांब.” थांबला की शाबासकी. भिंतीला मिशा लावत लावत तो खुर्चीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जायला शिकला, भांड्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत शिकला. न्हाणीघरात कुणी असेल या भीतीने माणूस खाकरतो तसं नाना त्याच्याजवळ जाताना म्हणू लागले, “आलो हं.” गिऱ्हाइकांनाही म्हणावं लागे. दाढीला आलेले मोठेमोठे लोक दारात उभे राहून एका कुत्र्याला म्हणत, “आलो हं.” आणि मग आत येत.

राहिला आवाज. नानांना शिट्टी वाजवता येत नव्हती आणि घंटा शोधायला वेळ नव्हता. पण हातात कायम असणारी एक गोष्ट होती, कात्री. केस नसलेल्या हवेत दोनदा चालवायची, कचक कचक. असा आवाज गल्लीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी एका हातात कात्री धरली, दुसऱ्यात बिस्किट. कचक कचक. मेव्हणा सरळ आला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज संध्याकाळी हा पाठ होऊ लागला आणि रोज मेव्हणा पहिल्या नंबराने पास होऊ लागला.

आता न्हाव्याची एक गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असते. त्याची कात्री जितका वेळ केसांत चालते त्याच्या दुप्पट वेळ हवेत चालते. नाना बोलताना हवेत कापत, विचार करताना हवेत कापत, गिऱ्हाईक आरशात बघत असताना त्याच्या समाधानासाठी हवेत कापत. हातच तसा. त्यांच्या कानांना तो आवाज ऐकू यायचा केव्हाच बंद झाला होता. पहिले काही दिवस सलूनमध्ये मेव्हणा प्रत्येक कचक कचकला उठला, नानांच्या पायांशी आला, आणि काहीच न मिळता परत गेला. नानांना वाटलं, अस्वस्थ आहे बिचारा. पुढे तो नुसती मान वर करू लागला. मग एक कान. मग तेही नाही. नानांना वाटलं, रुळला.

संध्याकाळी मात्र तो न चुकता येतच असे, कारण बिस्किटाला वास असतो. नाना श्रेय कात्रीला देत.

एक सवय नानांची फार जुनी होती. गिऱ्हाईक उठलं की ते त्याच्या अंगावरचं पांढरं कापड काढून दारात झटकत, फट् फट्. मग झाडू मारत, हात धूत आणि मेव्हण्याची मान थोपटून त्याला काहीतरी चारत. कापड झटकलं की मेव्हणा जमिनीवर शेपटी आपटू लागे. नाना म्हणत, गिऱ्हाइकाला निरोप देतोय.

काकूंचा फोन आला. त्या दुपारी पोचणार होत्या. नानांनी पहाटेच कंबर कसली. मेव्हण्याचं पाहून तिला काय वाटेल हे आपल्या हातात नव्हतं, निदान घर पाहून तरी बरं वाटावं. त्यांनी फिनेलची बाटली बादलीत उपडी केली आणि सलूनपासून झोपायच्या खोलीपर्यंत फरशी अशी घासली की इस्पितळ लाजावं. मेव्हण्याने इतक्या आठवड्यांत नाकाने पाठ केलेलं सगळं घर एका तासात पुसून गेलं. खुर्च्या धुवायला सरकवल्या आणि अंदाजाने परत ठेवल्या. काथ्याचं पायपुसणं मळलेलं होतं, ते धुऊन बाहेरच्या कठड्यावर वाळत टाकलं.

एवढं करून दमलेल्या नानांना वाटलं, सगळं मनासारखं झालं.

दुपारी चष्मेवाला आला. “काकू यायच्या आत जरा बाजूचे घ्या.” नानांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि डावी बाजू घेतली. हात चालत होता, लक्ष घड्याळाकडे होतं, तोंड सराव करत होतं. “आधी तिला म्हणतो, बघ किती शहाणा झालाय. मग कात्री वाजवतो, तो येतो. मग चहा देतो. मग म्हणतो...”

“नाना,” आरशात बघत चष्मेवाला म्हणाला, “मेव्हणा कुठाय?”

दुसऱ्या खुर्चीखाली कुणी नव्हतं. पाण्याच्या भांड्यापाशी नव्हतं. स्वयंपाकघरात, खाटेखाली, मोरीत नव्हतं. नाना परत सलूनमध्ये आले आणि त्यांची नजर उंबऱ्यावर गेली. उंबऱ्याच्या आत फरशी होती, स्वच्छ, गुळगुळीत, ओलसर. पायांना ‘थांब’ म्हणणारं तिथे काहीच नव्हतं.

रस्त्यावर गाड्या होत्या, मोटारसायकली होत्या, आणि कोपऱ्यावर नवी पाइपलाइन टाकायला खणलेला माणूसभर खोल खड्डा होता.

ते धावत सुटले. हातात कात्री होती, तीच वर धरून ते वाजवत चालले. कचक कचक. “मेव्हण्या! मेव्हण्या!” विस्कटलेल्या केसांचा एक म्हातारा हवेत कात्री चालवत आपल्या मेव्हण्याला शोधतोय, हे पाहून लोक भराभरा फुटपाथ सोडून बाजूला झाले. एका बाईने पोराला मागे ओढलं. चष्मेवाला मागोमाग धावत होता, गळ्याला कापड बांधलेलं, डोक्याची डावी बाजू कापलेली, उजवी जशीच्या तशी.

“कात्री वाजवा, नाना! येईल!”

“वाजवतोच आहे!”

कचक कचक. कुणी आलं नाही. हाका गाड्यांच्या गोंगाटात बुडत होत्या. एक ट्रक जवळून गेला आणि नानांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा रस्त्यावर काही पडलेलं नव्हतं. हा आवाज तर रोज ऐकतो. रोज! आणि मग, कोपऱ्यावर उभ्या उभ्या, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा नानांना आपली कात्री ऐकू आली. हात आपणहून चालत होता. कुणालाही बोलावत नव्हता. नुसता चालत होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसा चालतो तसा. डॉक्टरिणीचं शेवटचं वाक्य आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं.

“मीच मोडलं,” ते म्हणाले.

“काय मोडलं?” चष्मेवाल्याने विचारलं.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. समोर टॅक्सी थांबली होती आणि तिच्यातून काकू उतरत होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पिशवी. त्यांनी आधी नवऱ्याच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याच्या डोक्याकडे.

“अहो, हे काय? कापता कापता पळून चालले होते का हे?”

“मेव्हणा सापडत नाहीये,” नाना म्हणाले.

“म्हणजे?”

“बाहेर गेला. आत्ताच.”

“मग असे उभे काय राहिलात? मधोमध उभे राहा, हाक मारा. तुम्ही दिसलात की येईल धावत.”

“नाही येणार.”

“का नाही येणार?”

इतक्या आठवड्यांचा सराव वाया गेला. आधी शहाणपणा, मग कात्री, मग चहा, यातलं काहीच उरलं नव्हतं.

“त्याला दिसत नाही गं,” ते म्हणाले. “तू गेल्यावर गेलं. मी नेलं नाही त्याला वेळेवर.”

काकूंच्या दोन्ही हातांतून पिशव्या खाली गेल्या. नवरा-बायकोच्या अशा क्षणी तिसऱ्या माणसाने कुठे बघावं हे चष्मेवाल्याला कळेना. काहीतरी करायचं म्हणून त्याने गळ्याची गाठ सोडली, कापड काढलं आणि अंगावरचे केस उडवायला जोरात झटकलं. फट् फट्.

कुठूनतरी आवाज आला. ठप्. ठप् ठप्. पोकळ, पत्र्याच्या डब्यावर कुणी थाप मारावी तसा.

नाना वळले. खड्ड्याच्या पलीकडे, काठाला लागूनच, सिमेंटचा मोठा पाइप आडवा पडला होता. त्याचं एक तोंड खड्ड्याकडे होतं. आतल्या काळोखात शेपटी आपटत होती.

“अरे वा! हा बघा, हा बघा!” चष्मेवाला हरखला आणि त्याने कापड पुन्हा झटकलं. फट् फट्.

पाइपमधून आधी एक नाक बाहेर आलं, मग पांढुरके डोळे, मग पुढचे दोन पाय. मेव्हणा आनंदाने, सरळ, आवाजाच्या दिशेने निघाला होता. आवाजाच्या आणि त्याच्या मध्ये खड्डा होता.

“थांब!” नाना ओरडले.

मेव्हणा थबकला. पायाखाली काथ्या नव्हता, तेव्हा हा शब्द खरा मानावा की नाही, याचा तो विचार करत असावा. त्याने एक पाय उचलला. काठावरची माती सुटून खाली गेली.

“झटकू नका! हलू नका तुम्ही!” नानांनी चष्मेवाल्याच्या हातातून कापड ओढलं आणि गेल्या वीस वर्षांत ते धावले नव्हते तसे खड्ड्याला वळसा घालून धावले. पाइपच्या दुसऱ्या तोंडाशी पोचले, गुडघे टेकले आणि कापड झटकलं. पहिल्यांदा नुसतीच फडफड झाली. दुसऱ्यांदा बरोबर आवाज निघाला. फट् फट्.

उचललेला पाय तसाच हवेत राहिला. मग तो मागे आला. पाइपच्या आत नखं खरखरली, शेपटी दोन्ही बाजूंना आपटत गेली, आणि मेव्हणा नानांच्या छातीवर येऊन धडकला. त्याने त्यांचे हात हुंगले. बिस्किट नव्हतं. तरी त्याने ते चाटले.

काकू तोवर वळसा घालून आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

“आधी बोल,” नाना खालूनच म्हणाले. “हात लावायच्या आधी बोलायचं. दचकतो.”

काकू खाली बसल्या. घसा दोनदा साफ केला. “मेव्हण्या,” त्या म्हणाल्या, “आले रे मी.” मेव्हण्याचे कान ताठ झाले. तो नानांच्या मांडीवरून, नानांच्या पोटावर पाय देऊन, तिकडे गेला.

घरी परतताना त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चष्मेवाला उजवी बाजू तशीच घेऊन आपल्या दुकानात गेला आणि त्याने शटर अर्धं ओढून घेतलं.

आत शिरल्यावर काकूंनी पिशवी सवयीने वाटेच्या मधोमध ठेवली. मेव्हणा तिच्यावर धडकला. नाना उचलायला वाकले, पण त्याआधीच काकूंनी ती उचलून फळीवर ठेवली. मग त्या मेव्हण्याजवळ स्वयंपाकघरात बसल्या.

“सांग त्यांना,” त्या मेव्हण्याला म्हणाल्या, “फिनेल पाण्यात घालतात. पाणी फिनेलमध्ये नाही.”

नानांनी बादली उचलून मोरीत ठेवली.

“सांग त्यांना, ते पायपुसणं आधी जागेवर आणून टाका.”

नानांनी धावत जाऊन ओलंच पायपुसणं आणलं आणि उंबऱ्याच्या आत पसरलं. परत आले तर प्रश्न तयार होता.

“विचार त्यांना, मी सांगितलं तेव्हाच नेलं असतं तर?”

‘काही फरक पडला नसता,’ हे उत्तर नानांच्या जिभेवर होतं. काकूंनी डॉक्टरिणीला विचारलं तरी तिलाही ते खोटं म्हणता आलं नसतं. ते मेव्हण्याकडे बघत राहिले, कारण काकूंकडे बघवत नव्हतं.

“डॉक्टर म्हणाली, सांगता येत नाही,” ते मेव्हण्याला म्हणाले. “वाचलेही असते कदाचित.”

काकू उठून झोपायच्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं. नाना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. पायांशी मेव्हणा होता. बाहेर गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीला नानांचा हात आपोआप त्याच्या पट्ट्याकडे जात होता. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. ही परत लेकीकडे जायला निघाली की काय? पुन्हा कपाट.

मग आतून आवाज आला. फट् फट्.

गादीवर घालायची चादर झटकली होती तिने. मेव्हण्याने कान उभारले, उठला आणि निघाला. भिंतीला मिशा लावत गेला, स्टुलाचा पाय टाळला, दाराची चौकट नाकाने तपासली, दार ढकललं आणि आत गेला.

“आला का शहाणा,” आतून काकूंचा आवाज आला. “थांब, हात लावतेय हं तुला.” मग थोपटण्याचा आवाज. मग जरा वेळाने, मोठ्याने, “सांग त्यांना, दाराला कडी लावलेली नाहीये म्हणावं.”

नाना स्टुलावरून उठले. दारापर्यंत गेले, आणि आत पाऊल टाकण्याआधी नियमाप्रमाणे म्हणाले, “आलो हं.”